रबराचं झाड आणि आत्तींचा डोळा

रविवार, १६ फेब्रुवारी. काम एकच ठरवलं होतं. गॅलरीतलं रबराचं झाड छाटायचं.

दोन वर्षं मी हे काम पुढं ढकलत होते. घराच्या वास्तुशांतीला नवऱ्याच्या एका मित्रानं हातभर रोप दिलं होतं. आधी ते कुंडीत होतं, मग निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलं. खत म्हणून चहाची पावडर आणि तांदूळ धुतलेलं पाणी, एवढंच काय ते. तेवढ्यावर ते छताला जाऊन टेकलं, तिथून वळलं आणि उजेडाकडं, म्हणजे रस्त्याकडं, वाकलं. त्या बाजूला पानंच पानं, घराच्या बाजूला नुसता दांडा आणि एकच आडवी फांदी. मी घरी ब्लाउज शिवते. मशीन गॅलरीच्या दाराशी आहे आणि झाडानं माझा सकाळचा निम्मा उजेड खाल्ला होता. तरी मी गप्प होते, कारण झाड तक्रार करत नाही आणि गिऱ्हाइकं करतात. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांचंच काम व्हायचं.

या वेळी घाई होती ती आत्तींमुळं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला. डावा तेवढा कामाचा, त्यात मोतीबिंदू पिकला. त्याचं ऑपरेशन करायला त्यांना गावाहून इथं आणलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, अशा तीन अटी घालून घरी सोडलं. आत्ती रोज सकाळी मशेरी लावायला गॅलरीतल्या बेसिनकडं जातात. झाडाची ती एकुलती आडवी फांदी बरोबर त्यांच्या तोंडासमोर यायची. शनिवारी पानाचं टोक खाडकन त्यांच्या काळ्या चष्म्यावर बसलं. चष्मा नसता तर थेट डोळ्यात. मी तेव्हाच ठरवलं, उद्या हे झाड आणि मी.

त्या डोळ्यावर काय काय टांगलेलं होतं ते आधी सांगते. आत्तींचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर. तिथं त्यांचं घर आहे, एक म्हैस आहे आणि वाट्यानं दिलेलं भाताचं रान आहे. त्या इकडं आल्यापासून म्हैस शेजारीण बघत होती. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आता पुरे झालं, म्हैस विकायची आणि आईनं इथंच राहायचं. आत्तींचं म्हणणं, डोळा बरा झाला की मी चाललो. (आमच्याकडच्या बायका अजून आलो-गेलोच म्हणतात, त्यांचं बोलणं मी तसंच लिहिते.) भांडून भांडून शेवटी असं ठरलं की डोळा नीट झाला आणि डोळ्यातले थेंब त्यांना स्वतःच्या हातानं घालता आले, तर गाव. नाहीतर इथंच, कायमचं.

माझं मत कुणी विचारलं नाही, पण ते होतं. त्या गावी जाव्यात असं मला वाटत होतं. दोन खोल्या आणि एक ओटा, त्यावर दोन बायका, आणि दोघींनाही आमटीत मीठ किती ते पक्कं माहीत. आत्ती गावात असल्या की मला आवडतात. सणाला आम्ही जातो, त्या घरच्या तुपाचा डबा भरून देतात, आम्ही दोघी खुशीत निरोप घेतो. हे असंच चालावं असं मला वाटत होतं. म्हणून थेंब घालायचं मीच शिकवलं. आरशासमोर बसायचं, मान मागं, डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढायची, उजव्या हातानं बाटली दाबायची. पहिल्या दिवशी सगळं औषध कानात गेलं. मग गालावर. शुक्रवारपासून थेंब डोळ्यात पडायला लागले होते.

रविवारी नवरा भावकीतल्या साखरपुड्याला गारगोटीला गेला, मुक्कामाला. मी सकाळची भांडी उरकली आणि झाडाकडं वळले. माझं माहेर तासगावकडचं, द्राक्षाच्या बागेतलं. छाटणीची कात्री माहेराहून आणलेली आहे. कापडाची कात्री मी कागदालासुद्धा लावू देत नाही, झाडाला तर नाहीच. पाती स्पिरिटनं पुसली, फरशीवर जुने पेपर पसरले, बादलीत पाणी आणि एक ओलं फडकं घेतलं. जुना गाऊन, भांडी घासायचे हातमोजे आणि डोळ्यांना नवऱ्याचा गाडीवरचा गॉगल.

आत्तींनी खुर्ची ओढून उंबऱ्यात मांडली.

"गॉगल घालून झाड कापतीस? शूटिंग हाय काय?"

"चीक उडतो, आत्ती. तुम्ही आत बसा."

"आत बसून काय करू? टीव्ही बघायचा न्हाय, वाकायचं न्हाय, डोक्यावरनं पाणी घ्यायचं न्हाय. झाड तरी बघू दे की."

मी खुर्ची हातभर मागं सरकवायला लावली आणि शेंडा कापला. रबराचा शेंडा उडवला की खालच्या दोन-तीन पेरांतून नवे कोंब येतात आणि झाड वर पळायचं सोडून रुंद होतं. काप पेराच्या जरा वर आणि तिरका घ्यायचा. कात्री मिटली आणि चीक सुटला. दुधासारखा पांढरा, घट्ट, टपटप पेपरवर. मी ओलं फडकं दाबून धरलं.

"वाया घालवतीस की गं."

"मग काय खीर करू?"

"वडाचा चीक भेगांस्नी घालत्यात. माझ्या आईनं जन्मभर घातला. आसल्या टाचा हुत्या तिच्या, लोण्यावानी."

"हे वडाचं झाड नाही. रबर आहे."

"पान बघ. कोंब बघ की तांबडा. वडाचीच जात हाय. मला शिकवतीस व्हय?"

जात त्यांनी बरोबर ओळखली होती. रबर वडाच्याच कुळातलं. शेतावर वाढलेल्या बाईला पान दाखवावं लागत नाही. सगळा घोळ तिथंच झाला. जात ओळखली म्हणून चीकही ओळखीचा वाटला.

"तो डोळ्यात गेला तर?" मी म्हटलं.

"डोळ्यात जातोय तो रुईचा. रुईच्या चिकानं माणूस आंधळं हुतंय. ह्यो गरीब चीक."

मी दुसरा काप कुठं घ्यायचा ते बघत होते. झाडाचा आकार बघायला लांब जावं लागतं, ब्लाउजचं फिटिंग बघतो तसं. जवळून सगळंच बरं दिसतं. ड्रमखाली पोतं सरकवून मी तो थोडा फिरवला, मागं गेले, बघितलं, पुढं येऊन कापलं. रस्त्याकडच्या फांद्या एकेक करून कमी केल्या. एकमेकींवर घासणाऱ्या दोन होत्या, त्यातली बारकी काढली. कापलेल्या फांद्या कोपऱ्यात पेपरवर रचत गेले. प्रत्येकीच्या बुडाला पांढरा थेंब.

बेसिनकडची फांदी मुद्दाम शेवटी ठेवली. तीच तर काढायची होती, पण झाडाचा तोल तिनं धरलेला. तिला आधी कापलं असतं तर सगळा बुंधा रस्त्याकडं कलला असता. आधी बुंध्याला सळईचा आधार द्यायचा, सुतळीनं सरळ बांधायचं, मग फांदी. सळई खाली पार्किंगमध्ये होती, बांधकामाच्या वेळची उरलेली.

"मी सळई घेऊन येते. दुपारचे थेंब मी आल्यावर घाला."

"जा गं. न्हानगी हाय काय मी?"

सळई लगेच सापडली नाही. स्कूटरींच्या मागं, कुणाच्या तरी फुटक्या सायकलीखाली होती. ती ओढून काढली, गंज झटकला आणि वर आले. खुर्ची रिकामी होती. आत्ती आत गेल्या असतील म्हणून मी कामाला लागले. सळई मातीत खोल रोवली, बुंधा सरळ करून तीन ठिकाणी सुतळीनं बांधला. सुतळी आणि साल यांच्यामध्ये कापडाच्या चिंध्या घातल्या, म्हणजे काचत नाही. हे सगळं होईपर्यंत घरात आवाज नव्हता.

आत्ती घरात असताना आवाज नाही असं होत नाही. त्या भिंतीशी बोलतात, गॅसशी बोलतात, खालून जाणाऱ्या भाजीवाल्याशी दुसऱ्या मजल्यावरून भाव करतात आणि घेत काहीच नाहीत. मी हातमोजे काढले आणि आत गेले.

त्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. काळा चष्मा डोळ्यावर.

"आत्ती?"

"झोप आलिया."

"जेवायच्या आधी?"

उशीची कड त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. झोप आलेलं माणूस उशी अशी धरत नाही. आधी मला मशेरीचा संशय आला, मशेरीचं बोट डोळ्याला लागलं असेल. मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. दोन्ही टाचांवर पांढरट थर होता, कडेनं तपकिरी होत चाललेला, मध्ये अजून ओला. मी फळीवर बघितलं. थेंबांची बाटली उघडी होती, टोपण शेजारी पडलेलं. मी टोपण उचललं, तर त्याला चिकटून एक बारीक पांढरा धागा लांबत आला. रबराचा.

मला सगळं कळलं. कोपऱ्यातल्या फांद्या, त्यांच्या बुडाचा चीक, बोटानं टाचांना लावलेला, मग थेंबांची वेळ, आणि त्याच बोटानं ओढलेली पापणी.

"चष्मा काढा."

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

काढला. डोळा लाल झाला होता, पापणी सुजून निम्मी मिटलेली, गालावरून पाण्याची धार. त्यांनी तो हातानं पुसायला बघितला. मी मनगट धरलं.

"कधीपासून?"

"आत्ताच की."

"आत्ती."

"तू सळई आणायला गेलीस तवापासनं." मग लगेच म्हणाल्या, "हुईल बरं. चीक गरीब हाय. ह्याला सांगू नगंस."

हा म्हणजे त्यांचा लेक. डोळ्याची आग सोसत त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या ते एवढ्याच भीतीनं. डोळा बिघडला असं कळलं की म्हैस गेली.

मी रागावले नाही, वेळ नव्हता. दवाखान्यात फोन लावला. रविवार, बराच वेळ वाजत राहिला. शेवटी एका सिस्टरनं उचलला. मी सरळ सांगितलं, अमुक दिवशी ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या डोळ्यात झाडाचा चीक गेलाय. त्या म्हणाल्या, "उकळून गार केलेलं पाणी आहे का घरात? त्यानं धुवा, हळू, धार धरून. चोळू नका, दाबू नका. डॉक्टरांना बोलावते, तुम्ही निघा." मी म्हटलं, पाणी लावायचं नाही असं सांगितलंय. "आता लावायचं," त्या म्हणाल्या.

उकळलेलं पाणी होतं, आत्तींच्या पिण्याचं. त्यांना कॉटच्या कडेला कुशीवर झोपवलं, डोक्याखाली माझी मांडी, खाली तपेली. पेल्यानं पाण्याची बारीक धार सोडली आणि दुसऱ्या हातानं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. त्यांना ताकद आहे, म्हशीची धार काढणारे हात ते. दोनदा सुटले. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात माझ्या गुडघ्याखाली दाबला. सगळा तांब्या संपला.

"गार हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

रिक्षात त्यांना कडेला बसवलं नाही, हात मोकळा मिळाला असता. मध्ये बसवलं आणि दोन्ही मनगटं धरून बसले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"आज्जीस्नी काय झालं?"

"डोळा."

"मिरची गेली?"

"चीक."

"आई गं, रुईचा?"

"न्हाय ओ पावणं, वडाचा," आत्ती डोळा मिटूनच म्हणाल्या.

"रबराचा," मी म्हटलं.

"रबराचा म्हंजी? टायरचा?"

"तुम्ही पुढं बघून चालवा."

त्यानं पुढं बघून चालवली. स्पीडब्रेकर आला की मात्र हळू घेत होता, न सांगता. रंकाळ्याच्या कडेला रविवारची गर्दी होती, भेळेच्या गाड्या लागायला सुरुवात झालेली. सगळं जग त्या दिवशी आमच्याच वाटेत थांबलं होतं.

डॉक्टर तरुण होत्या, घरून आलेल्या, केस ओलेच. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळा उजेड टाकून बघितलं, परत धुतलं. चिमट्यानं पापणीच्या आतून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी काढलं आणि मला दाखवलं. गोळा झालेला चीक. मग मला बाजूला घेतलं. आत्तींचे कान चांगले आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

"ऑपरेशनची जखम ठीक दिसतेय. पण बुबुळावरचा वरचा पापुद्रा सोललाय. आत्ता काही सांगता येत नाही. पट्टी लावते. उद्या सकाळी काढू आणि किती दिसतं ते बघू. सोललेल्या जागी जंतू शिरले तर मग अवघड जाईल."

"अवघड म्हणजे किती?"

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

घरी आणलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा आधीच बंद. म्हणजे आता काहीच नाही. जिन्यावर मी एकेक पायरी सांगत आणलं. जेवताना ताटात काय कुठं आहे ते सांगितलं. त्यांनी आमटीची वाटी हातानं शोधली आणि त्यात बोटं बुडाली. मी वाटी पुसली आणि भाकरीचे तुकडे करून त्यांच्या हातात दिले. त्यांनी खाल्ले. आमटीत मीठ जास्त झालंय असं काही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नंतर हात धुवायला उठल्या. मी ताटं उचलत होते, तेवढ्यात भिंत चाचपत त्या गॅलरीकडं निघाल्या, रोजच्या सवयीनं. ती फांदी अजून तिथंच होती. पान पट्टीला घासलं. त्या जागीच थांबल्या, हात पुढं करून. मी धावले.

"ह्येच का ते झाड?" त्या म्हणाल्या.

"हेच."

"आजून न्हाय कापलीस व्हय फांदी?"

"कधी कापणार होते? तुम्ही वेळ दिलात का?"

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मी त्यांचा दंड धरून. कायमचं म्हणजे कसं असेल ते दोघींनाही दिसलं. रोज असंच, मी पुढं आणि त्या माझ्या दंडाला धरून. म्हशीच्या वासानंच कळतं दूध किती देणार म्हणणारी बाई, आणि तिला माझ्या घरात बेसिन सापडत नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आत्ती मान हलवून नको नको म्हणत होत्या. मी सांगितलं. खोटं बोलून पुढं निस्तरत बसायची मला सवय नाही. जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

"आत्ता निघतो मी," तो म्हणाला.

"येऊन काय करणार? डोळ्यावर फुंकर घालणार? उद्या सकाळी पट्टी काढतात. साखरपुडा उरकून या."

"बघितलंस ना? मी काय म्हणत होतो? बाई टाचांना चीक लावतीय आणि तेच डोळ्यात घालतीय. गावात एकटी ठेवायची हिला?" मग आवाज खाली आला. "हे बघ, म्हशीला गिऱ्हाईक आहे. इथंच भेटलंय, पाहुण्यातलंच. उद्या येऊन म्हैस बघतो म्हणतंय. शब्द देऊन टाकतो."

आत्ती कॉटवर उठून बसल्या. फोन काही स्पीकरवर नव्हता, पण माझा नवरा फोनवर असला की स्पीकर लागत नाही.

"शब्द देऊ नका," मी म्हटलं.

"का?"

"उद्या पट्टी काढू दे. दुपारपर्यंत कुणाला काही बोलू नका. दिसलं नाही तर मीच म्हणेन विका."

"बरं," तो म्हणाला, पण ते बरं पक्कं नव्हतं. मला ते आवाजावरून कळतं.

फोन ठेवल्यावर आत्ती म्हणाल्या, "दिसलं न्हाय तर खरंच म्हणशील?"

"म्हणेन."

"बरं," त्याही म्हणाल्या. आडव्या झाल्या आणि पट्टीला हात लागू नये म्हणून स्वतःच दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आधी ती फांदी कापणार होते. कात्री हातात घेतलीही. पण कापली की चीक, आणि मला तर आत्तींना धरून जिना उतरायचा होता. कात्री ठेवून दिली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि फांदी सुतळीनं सळईकडं ओढून बांधली, वाटेतून बाजूला. मग आम्ही निघालो.

दवाखान्यात आमचा पहिला नंबर. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, कापूस ओला करून पापणीवरचा चिकटा काढला आणि म्हणाल्या, "हळू उघडा, आजी."

आत्तींनी डोळा उघडला. लाल होताच. पाणी आलं. त्यांनी परत मिटला, परत उघडला. मी त्यांच्या मागं उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त मान दिसत होती, ताठ.

डॉक्टरांनी हात वर केला. "किती बोटं?"

डॉक्टरांनी हात जवळ आणला. "आजी, बोटं किती दिसतात?"

"बोटं काय दावतीस?" आत्ती म्हणाल्या. "तुझ्या मागचं घड्याळ बंद पडलंय."

डॉक्टरांनी मागं वळून बघितलं. मीही बघितलं. भिंतीवरचं घड्याळ खरंच बंद होतं, सेकंद काटा एका जागी थरथरत. मी भिंतीला टेकले. मला वाटतं, आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच मी कशाला तरी टेकले होते.

मग रीतसर तपासणी झाली. अक्षरांचा फळा होता, पण आत्तींना अक्षरं येत नाहीत, म्हणून चित्रांचा काढला. धुकं असल्यागत दिसतंय म्हणाल्या, पण दिसतंय. पापुद्रा भरून येतोय, जंतूंची खूण नाही, आठवडाभर थेंब वाढवायचे, मग परत दाखवायचं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना मान वर केली.

"थेंब कोण घालतं?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या पुन्हा घड्याळाकडं बघत होत्या.

"त्याच घालतात," मी म्हटलं. "पुढंही त्याच घालतील."

"काल एवढं होऊन?"

"काल थेंब बरोबर पडले होते. हात धुतला नव्हता. आता धुतील."

डॉक्टरांना ते फारसं आवडलं नाही. "निदान हा आठवडा तुम्ही समोर उभ्या राहा," म्हणाल्या. मी हो म्हटलं. तेवढं मान्य.

पायऱ्यांवरूनच नवऱ्याला फोन केला. दिसतंय, आठवडाभर औषध, मग गाव. म्हैस विकायची नाही. त्यानं पाहुण्याला अर्धा शब्द आधीच दिला होता, मला वाटलंच होतं. मी म्हटलं, अर्धा दिलाय ना, तो परत घ्या. तो काहीतरी म्हणत राहिला. रिक्षा आली, मी फोन ठेवला.

रिक्षात आत्ती टाचेला टाच घासत होत्या.

"भेगा बऱ्या वाटत्यात पण."

मी खाली बघितलं. चिकाचा थर सोलून निघाला होता आणि त्याच्याबरोबर जुनी कातडी. टाच खरंच मऊ दिसत होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या वेळी अख्खी फांदी गावाला नेली असती.

घरी आल्यावर चिकट टोपणाची बाटली फेकून दिली आणि नवी फोडली. आत्तींना बेसिनपाशी उभं केलं. साबण लावून हात धुतले त्यांनी. मी म्हटलं, परत. त्यांनी परत धुतले, नखांसकट, पुटपुटत. मग त्या आरशासमोर बसल्या. मी समोर उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागं धरून, म्हणजे मदतीला पुढं यायला नकोत.

पहिला थेंब गालावर गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. दुसरा आत पडला.

"झालं?"

"झालं."

मी गाऊन बदलला, हातमोजे चढवले, गॉगल घातला, कात्री घेतली आणि गॅलरीत गेले. जाताना दार ओढून बाहेरून कडी लावली.

"कोंडतीस व्हय मला?" आतून आवाज आला.

"व्हय," मी म्हटलं आणि फांदी कापली.